‘एवढी पिशवी नेशील का?’ अमली पदार्थांचे कुरियर कसे तयार होतात आणि कायदा त्यांच्याकडे कसा बघतो

मागच्या दिवाळीआधी दुबईला जायचं होतं. ऑफिसचं काम, पाच दिवस. सोसायटीत बातमी फुटायला लिफ्टमधली एक भेट पुरते. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन दारात हजर. तिकडे असलेल्या लेकीसाठी मेतकूट, भाजणी आणि ‘थोडं गोडधोड’. खोका तपकिरी चिकटपट्टीने असा गुंडाळला होता की आत फराळ आहे की दागिने, कळू नये. मी म्हटलं, “काकू, हे उघडून बघावं लागेल हं मला.” काकूंचा चेहरा पडला. “माझ्यावर विश्वास नाही का गं तुझा?”

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे वस्तू अशाच जातात. गावाहून शहरात शिकणाऱ्या पोराला डबा एसटीच्या कंडक्टरच्या हाती जायचा आणि स्टँडवर पोरगं डबा घ्यायला उभं असायचं. कंडक्टरने कधी झाकण उघडून पाहिलं नाही. अमेरिकेला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या बॅगेत निम्मं सामान दुसऱ्याचं असतं. अमली पदार्थांची तस्करी करणाऱ्यांना नेमकी हीच सवय उपयोगी पडते.

बँकॉकहून आलेल्या अमुक प्रवाशाकडे मुंबई विमानतळावर तमुक किलो गांजा सापडला, अशी बातमी आता आठवड्याला वाचायला मिळते. त्यातला ‘प्रवासी’ नेमका कोण असतो, त्याला काय मिळतं आणि सापडल्यावर त्याचं काय होतं, हे बातमीच्या चार ओळींत मावत नाही.

कुरियर म्हणजे कोण?

माल एका देशातून दुसऱ्या देशात अंगावर, सामानात किंवा पोटात घेऊन जाणारा माणूस म्हणजे कुरियर. इंग्रजीत त्याला ‘म्यूल’, म्हणजे खेचर म्हणतात. शब्द क्रूर आहे, पण चपखल. ओझं खेचराचं नसतं, वाटही त्याने निवडलेली नसते, आणि दरीत पडलं तर मालक दुसरं आणतो.

यांत तीन जाती दिसतात. एकाला सगळं माहीत असतं आणि तो पैशासाठी करतो. दुसऱ्याला अर्धवट माहीत असतं. ‘काहीतरी दोन नंबरचं आहे, सोनं असेल, आपल्याला काय’ असं म्हणून तो विचारायचं टाळतो. तिसऱ्याला काहीच माहीत नसतं. त्याला आपण अजाण वाहक म्हणू.

मुंबईकरांना आंगडिया माहीत असतो. हिरे आणि रोकड घेऊन रात्रीच्या गाडीने सुरतेला जाणारा. तोही सामान वाहतो, पण त्याचा धंदा सगळा विश्वासावर चालतो. पिढ्यान् पिढ्यांची ओळख असते आणि त्याला काही झालं तर पेढीची अब्रू जाते. अमली पदार्थांच्या धंद्यात याच्या बरोबर उलटं. इथे कुरियरवर विश्वास ठेवायची गरजच नसते. तो पकडला गेला तर वरच्या कुणाचं फारसं बिघडू नये, अशीच सगळी रचना केलेली असते.

दोहाच्या विमानतळावर

जुलै २०१९. मुंबईचं एक तरुण जोडपं दोह्याला निघालं. सहल नवऱ्याच्या आत्याने भेट म्हणून दिली होती, तिकीट-हॉटेलसकट. बायको गरोदर होती. जाताना आत्याने एक पाकीट दिलं. झर्दा आहे, तिकडच्या ओळखीच्यांना द्यायचा आहे, एवढंच सांगितलं. हमाद विमानतळावर सामान तपासलं तेव्हा चार किलोहून जास्त चरस निघालं. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली, वर प्रत्येकी तीन लाख रियाल दंड. पुढच्या फेब्रुवारीत त्यांची मुलगी तुरुंगात जन्मली.

इथे गोष्ट संपू शकली असती, आणि बहुतेकांची संपतेच. पण मुंबईत बायकोचे वडील गप्प बसले नाहीत. जावयाचा एक फोन घरी राहिला होता. त्यात आत्याशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग निघालं, आणि त्यात पाकिटात काय आहे याविषयी आत्या काय सांगत होती ते ऐकू येत होतं. वडिलांनी ते घेऊन अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे, म्हणजे एनसीबीकडे धाव घेतली. एनसीबीने इकडे तपास केला, आत्या आणि साथीदारांवर गुन्हा दाखल झाला. ती कागदपत्रं सरकारी मार्गाने कतारला पोचली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने खटला पुन्हा ऐकायला सांगितला, मार्चमध्ये दोघं निर्दोष सुटली आणि एप्रिलमध्ये मुंबईत परतली, वर्ष उलटलेल्या लेकीला घेऊन.

पाकीट देणारी ना कुणी अनोळखी बाई होती, ना विमानतळावर भेटलेला माणूस. ती आत्या होती, सख्खी. जवळजवळ दोन वर्षं ती दोघं आत होती. सुटली ती एका फोनमुळे, जो योगायोगाने घरी राहिला होता.

एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्याच एका अभिनेत्रीला शारजाच्या विमानतळावर अटक झाली. वेब सिरीजच्या ऑडिशनसाठी तिला बोलावणं होतं आणि ऑडिशनला लागेल म्हणून हाती एक ट्रॉफी दिली होती. त्या ट्रॉफीत अमली पदार्थ निघाले. मुंबई पोलिसांच्या म्हणण्यानुसार तिला मुद्दाम अडकवण्यात आलं होतं, आणि कारण काय, तर तिच्या आईशी कुत्र्यावरून झालेलं भांडण. पोलिसांनी इथे आरोपींना पकडलं म्हणून तिची महिन्याभरात तुरुंगातून सुटका झाली. या प्रकरणात माल विकण्याचा हेतूच नव्हता. परदेशातला कडक कायदा हेच इथे हत्यार झालं.

माणूस इतका स्वस्त का पडतो?

थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. पुढे २०२५ मध्ये पुन्हा निर्बंध आणले, पण मधल्या काळात तिथे बंद खोलीत, मातीशिवाय, दिव्यांखाली वाढवलेला उंची गांजा मुबलक झाला. त्याला हायड्रोपोनिक गांजा म्हणतात. भारतात तो गांजाच आणि बेकायदाच. मुंबई कस्टम्सच्या पत्रकांत त्याची किंमत किलोला साधारण एक कोटी धरलेली दिसते. हा आकडा अंदाजाचा आहे, पावतीवरचा भाव नव्हे. ‘पाचशे कोटींचा साठा’ अशा मथळ्यांकडेही त्याच नजरेने बघावं. तरी निम्मा-पाव धरला तरी एका बॅगेत किती पैसा असतो ते लक्षात येईल.

आता दुसरी बाजू बघा. कुरियरचा खर्च म्हणजे विमानाचं तिकीट, तीन रात्रींचं हॉटेल आणि वर थोडे पैसे. कॉलेजातल्या पोराला ‘फुकट थायलंड ट्रिप’ पुरेशी वाटते.

हापूसचा व्यापारी पेटीचा भाव ठरवताना त्यात चार-सहा आंबे नासणार हे धरूनच चालतो. नासलेल्या आंब्याचं दुःख नसतं त्याला, ते हिशेबात असतं. तस्करांचं गणितही असंच. पाच जण पाठवले आणि दोन पकडले गेले तरी उरलेल्या तिघांच्या मालात सगळं वसूल होऊन वर नफा राहतो. कस्टम्सने पकडलेला माणूस टोळीच्या वहीत नासका आंबा असतो. फरक इतकाच की आंब्याला दहा वर्षांची शिक्षा होत नाही.

पण टनावारी माल कंटेनरने येतो, मग माणूस कशाला?

ही शंका बरोबर आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, दोन कंटेनरमधून जवळपास ३,००० किलो हेरॉइन पकडलं. कागदावर ती टाल्कची भुकटी होती, अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेली. आपल्या न्हावा-शेवा बंदरातही ऑगस्ट २०२० मध्ये जेष्ठमधाच्या नावाखाली १९१ किलो हेरॉइन सापडलं होतं. आणि सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस वाशीत संत्र्यांच्या ट्रकमधून १९८ किलो मेथॲम्फेटामिन आणि ९ किलो कोकेन निघालं. वाशी म्हणजे जिथून आपल्या घरी संत्री येतात तीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर तटरक्षक दलाने अंदमानजवळ म्यानमारच्या एका मासेमारी नौकेतून साडेपाच टनांच्या घरात मेथॲम्फेटामिन जप्त केलं.

नकाशा बघितला की यातलं बरंच समजतं. आपल्या एका बाजूला अफगाणिस्तान-पाकिस्तान-इराण, दुसऱ्या बाजूला म्यानमार-लाओस-थायलंड. अफूचे जगातले दोन मोठे पट्टे, आणि आपण मध्ये. तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये अफूवर बंदी घातल्यावर २०२३ मध्ये अफगाणिस्तानातली लागवड तब्बल ९५ टक्क्यांनी घटली आणि म्यानमार पहिल्या क्रमांकावर गेला. एक नळ बंद झाला की दुसऱ्याचा दाब वाढतो, तसंच.

मग माणूस का? कंटेनर आणायला कंपनी लागते, आयात परवाना लागतो, कागद लागतात, आणि माल आठवडेच्या आठवडे समुद्रात पडून असतो. पकडला गेला तर सगळं भांडवल एका दणक्यात जातं. माणसाला लागतो पासपोर्ट. तो सहा तासांत पोचतो आणि पकडला गेला तर एक-दोन किलोच जातो. शिवाय ज्याच्याकडे कंटेनर भरायचं भांडवल नाही अशा लहान टोळीलाही कुरियर परवडतो. मालवाहू ट्रक आणि स्कूटरवरून पार्सल पोचवणारा मुलगा, बाजारात दोघंही लागतात.

जाता जाता एक. महाराष्ट्रात सगळा माल बाहेरूनच येतो असं नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, इथेच बनतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा घातला तेव्हा शेकडो किलो माल सापडला. त्याची वाट परदेशातून आपल्याकडे येत नाही, कधी कधी उलटी, आपल्याकडून परदेशात जाते.

पोटातून

काही जण माल कॅप्सूलमध्ये भरून गिळतात. मुंबई विमानतळावर असा प्रवासी पकडला गेला की बऱ्याचदा त्याला जे. जे. रुग्णालयात नेतात. संशयावरून कुणालाही एक्स-रेच्या टेबलावर झोपवता येत नाही. १९६२ च्या कस्टम्स कायद्यात कलम १०३ आहे. त्यानुसार माणसाने स्वतःहून कबूल होऊन संमती दिली नाही तर त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं आणि त्यांच्या आदेशाने डॉक्टर तपासणी करतात. मग काही दिवस वॉर्डात मुक्काम, दारात पहारा आणि बाहेर आलेल्या एकेक कॅप्सूलची पंचनाम्यात मोजदाद.

यातली एक जरी पोटात फुटली तर जीव जाऊ शकतो. पाठवणाऱ्याच्या हिशेबात तोही नासका आंबाच.

बॅग ज्याच्या हातात, गुन्हा त्याच्या माथी?

लेखातला सगळ्यात किचकट भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

भारतात अमली पदार्थांसाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात शिक्षा वजनावर ठरते. प्रत्येक पदार्थाला दोन रेषा आखलेल्या आहेत. खालच्या रेषेपर्यंत अल्प मात्रा, वरच्या रेषेपलीकडे व्यावसायिक मात्रा. हेरॉइनला या रेषा ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेनला २ आणि १०० ग्रॅम, चरसला १०० ग्रॅम आणि १ किलो, गांजाला १ किलो आणि २० किलो, एमडीला २ आणि ५० ग्रॅम. व्यावसायिक मात्रा असेल तर किमान १० वर्षं, जास्तीत जास्त २० वर्षं आणि किमान एक लाख दंड. किमान म्हणजे किमान. न्यायाधीशांना दया आली तरी साधारणपणे त्याखाली जाता येत नाही. आणि वजन कशाचं? दुधात पाणी घातलं असलं तरी माप सगळ्या दुधाचं. हिरा सिंग प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शुद्ध पदार्थ किती हे न बघता मिश्रणाचं एकूण वजन धरायचं.

जामीनही सहज नाही. कलम ३७ म्हणतं, व्यावसायिक मात्रेच्या प्रकरणात आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे अशी न्यायालयाची खात्री पटली तरच जामीन. खटला सुरू व्हायच्या आधीच निम्मा खटला जिंकायचा, असा हा प्रकार.

आता मुख्य गाठ. मित्राने तुमची स्कूटर दोन तास नेली आणि डिकीत काहीतरी ठेवून परत दिली. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. डिकी तुमची, किल्ली तुमच्याकडे. वस्तू ‘तुमच्या ताब्यात’ होती का? होती. ‘जाणीवपूर्वक ताब्यात’ होती का? नव्हती. कायद्याला दुसरी गोष्ट लागते. पण माणसाच्या मनात काय होतं हे कोण बघून आलंय? नेहमीच्या फौजदारी खटल्यात ते सरकारने सिद्ध करायचं असतं. एनडीपीएसमध्ये कलम ३५ आणि ५४ ते ओझं फिरवतात. वस्तू तुमच्याकडे सापडली की तुम्हाला माहीत होतं असं न्यायालय गृहीत धरतं. नव्हतं, हे तुम्ही दाखवायचं.

अंगझडतीचंही असंच. कलम ५० मुळे आपल्याला राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्या असं म्हणता येतं, पण हा हक्क अंगाच्या झडतीपुरता. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बॅग म्हणजे अंग नव्हे. कुरियरचं सगळं प्रकरण मात्र बॅगेतच असतं.

सरकारला मोकळं रान आहे असंही नाही. १ ऑगस्ट १९९७ रोजी अमृतसरच्या विमानतळावर नूर आगा नावाचा अफगाण प्रवासी उतरला. हातात द्राक्षांचा खोका. खोक्याच्या पुठ्ठ्यांत १ किलो ४०० ग्रॅम हेरॉइन असल्याचा आरोप झाला. खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ३५ आणि ५४ ही कलमं घटनेला धरूनच आहेत, पण ओझं आरोपीकडे सरकण्याआधी सरकारने पायाच्या गोष्टी पक्क्या सिद्ध करायला हव्यात. माल खरंच याच्याकडून जप्त झाला, सीलबंद झाला, तोच प्रयोगशाळेत गेला, ही साखळी अखंड पाहिजे. नूर आगाच्या खटल्यात ती तुटलेली होती. तो सुटला, अटकेपासून अकराव्या वर्षी.

काही देशांत रेषा आणखी खाली आहेत. सिंगापूरमध्ये शुद्ध हेरॉइन १५ ग्रॅमच्या वर असेल तर फाशी. १५ ग्रॅम म्हणजे तीन-चार चमचे साखर. २०१३ पासून निव्वळ वाहतूक करणाऱ्याने तपासाला भरीव मदत केली आणि सरकारी वकिलाने तसं प्रमाणपत्र दिलं, तर फाशीऐवजी जन्मठेप मिळू शकते. यातली गंमत अशी की मदत करायला काही माहीत असावं लागतं, आणि जो खरोखर अजाण आहे त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं.

“माहीत नव्हतं असं तर सगळेच म्हणतात!”

म्हणतात खरं. त्यातले बरेच खोटं बोलतात. कायदे एवढे कडक होण्यामागे तेही एक कारण आहे. ‘मला काय ठाऊक’ एवढ्यावर सुटका होऊ लागली तर उद्या सगळीच खेचरं आंधळी होतील.

म्हणून तपासात तोंडच्या जबाबापेक्षा आजूबाजूचा पुरावा बोलतो. तिकीट कुणी काढलं, पैसे कुणाच्या खात्यातून गेले, बॅग कुणी भरली, प्रवासाआधी फोनवर काय बोलणं झालं, माणूस याआधी किती वेळा त्याच वाटेने गेला. दोह्याच्या जोडप्याला हाच पुरावा तारून गेला. पण तो गोळा झाला मुंबईत, आणि तोही घरच्यांनी धडपड केली म्हणून.

फिलिपिन्सच्या मेरी जेन वेलोसोला २०१० मध्ये इंडोनेशियात योग्याकार्ताच्या विमानतळावर २.६ किलो हेरॉइनसह पकडलं. नोकरी देतो म्हणून नेलं आणि सुटकेस दिली, असं तिचं म्हणणं. तिला मृत्युदंड झाला. एप्रिल २०१५ मध्ये शिक्षा अमलात यायची वेळ आली, आणि ऐनवेळी थांबली, कारण तिला पाठवल्याचा आरोप असलेली बाई फिलिपिन्समध्ये पोलिसांपुढे हजर झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये वेलोसोला मायदेशी पाठवलं, तेही कैदी म्हणूनच. चौदा वर्षं ती एकच वाक्य सांगत होती.

मग वरचे का सापडत नाहीत?

डबेवाल्यांची क्षमा मागून त्यांचंच उदाहरण देते. घरून निघालेला डबा चार हातांतून जातो. प्रत्येकाला झाकणावरची खूण वाचता येते आणि आपल्या टप्प्याचं स्टेशन माहीत असतं. डबा कुणाच्या बायकोने भरला हे शेवटच्या माणसाला कळायची गरज नाही. तिथे ही व्यवस्था वेळेवर जेवण पोचावं म्हणून आहे. तस्करीत तिचा उपयोग पाठवणारा झाकला जावा म्हणून होतो. पकडलेल्या कुरियरकडे एक टोपणनाव असतं आणि एक परदेशी नंबर, जो तासाभरात बंद पडतो.

यावर कायद्याने एक उपाय ठेवला आहे. माल सापडला तरी लगेच बोभाटा न करता नजरेखाली पुढे जाऊ द्यायचा आणि घ्यायला येणाऱ्याला धरायचं. कलम ५०अ त्यासाठीच आहे. जोखीम मोठी, समन्वय अवघड, आणि माल निसटला तर अधिकाऱ्याच्या नोकरीवर येतं. त्यामुळे बातमीत बहुधा ‘प्रवाशाला अटक, अधिक तपास सुरू’ एवढंच राहतं.

प्रत्येक बॅग उघडून का बघत नाहीत, असंही लोक विचारतात. एकाच वेळी तीन-चार विमानं उतरल्यावर बेल्टपाशी जी गर्दी होते ती एकदा आठवा. निवड करावीच लागते. ती प्रवाशांच्या आगाऊ आलेल्या यादीवरून, एक्स-रेवरून, श्वानांच्या नाकावरून आणि खबरीवरून होते.

‘तुमच्या पार्सलमध्ये एमडी सापडलंय’

या सगळ्या भीतीवर एक जोडधंदा उभा राहिला आहे. फोन येतो. तुमच्या नावाने परदेशी निघालेल्या पार्सलमध्ये एमडी आहे, आधार नंबर तुमचाच आहे, आता व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ झाली असं समजा. पलीकडे खाकी गणवेश, मागे बोधचिन्ह. अशा फोनने शिकलेसवरलेले, निवृत्त बँक अधिकारीसुद्धा आयुष्यभराची पुंजी घालवून बसलेत. डिजिटल अटक नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही. कुठलाही अधिकारी फोनवर पैसे मागून गुन्हा मिटवत नाही. फोन ठेवायचा आणि १९३० वर कळवायचं.

मग घरचा फराळही न्यायचा नाही का?

न्या की. पण स्वतः भरलेला, किंवा उघडून बघितलेला. सीलबंद पाकीट, ऐनवेळी हातात आलेली बॅग, ‘फक्त एवढी ट्रॉफी’, रांगेत उभ्या अनोळखी माणसाची ‘जरा धरता का’ म्हणून दिलेली पिशवी, यांना नाही म्हणायचं. कुणी तिकीट काढून देत असेल आणि सोबत सामानही देत असेल, तर ते तिकीट त्या सामानासाठी आहे. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह आणि मूळ पाकिटातच ठेवा. ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अशा गोष्टींवर आखाती देशांत कडक नियम आहेत, आधी परवानगी लागते. आणि वेळ आलीच तर भारतीय दूतावासाशी संपर्क करून द्या म्हणा, तो तुमचा हक्क आहे. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका.

काकूंचा खोका मी शेवटी त्यांच्याच डायनिंग टेबलावर उघडला. चिकटपट्टी काढायला कात्री लागली. मेतकुटाची पिशवी, भाजणीची पिशवी, आणि खाली दोन डबे, झाकणाखाली वर्तमानपत्र. डब्यात अनारसे. काकूंचे अनारसे म्हणजे काय सांगावं, जाळी पडलेले, वर भरभरून खसखस.

मी डब्याकडे बघत बसले. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, सौदी आणि कतारमध्येही तोच प्रकार, सिंगापूरमध्येही तिच्यावर निर्बंध आहेत. मसाल्याच्या पुडीतली खसखस नेताना आखातात लोक अडकलेले आहेत. काकूंना हे सांगितलं तर त्या हसल्याच. “अगं, पंचेचाळीस वर्षं करतेय मी अनारसे. त्यात कसलं आलंय अमली?” मग हसू ओसरलं. त्यांनी करंज्यांचा विचार केला असणार, कारण उठून आत गेल्या आणि सारणाचा डबा उघडून बघू लागल्या. त्यातही होती.

शेवटी ठरलं ते असं. मेतकूट, भाजणी आणि ऐनवेळी तळलेल्या चकल्या, सगळं पारदर्शक पिशव्यांत, वर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी. लेकीला फोन करून कारण सांगितलं. ती तिकडून म्हणाली, “आई, मागच्या वर्षी सानेकाकांबरोबर पाठवले होतेस ना गं?” काकूंनी माझ्याकडे बघितलं. सानेकाका परत आले होते, ठणठणीत. त्यांना बॅगेत काय होतं ते अजूनही माहीत नसावं.

अनारसे आम्ही दोघींनी तिथेच चहाबरोबर संपवायला घेतले.